वायपरचं रबर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की ओळखीतल्या चार-पाच जणांचे तरी फोन येतात. सगळ्यांचा सूर एकच : "अरे, वायपर चालू केला तर काचेवर नुसता चिखल झाला." पावसाळा तोंडावर आल्याशिवाय वायपर कुणाला आठवत नाही, मीही त्याला अपवाद नाही. इतक्या वर्षांत तेच ते प्रश्न ऐकून उत्तरं पाठ झाली आहेत, ती इथे लिहून काढतो. मी मेकॅनिक नाही. ताम्हिणीतून दर पावसाळ्यात जा-ये असते आणि स्वतःच्या गाडीची किरकोळ कामं स्वतः करायची खोड आहे, एवढंच.

वायपर नीट पुसत नाही. रबर बदलू का?

थांबा, आधी काच धुवा. दहातल्या निम्म्या तक्रारी तरी काच धुतल्यावरच मिटतात, असा माझा अनुभव आहे. समोरच्या काचेवर धूळ तर असतेच, पण खरा त्रास असतो तेलकट थराचा. पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर, डांबरी रस्त्यावरचे तेलकट शिंतोडे, गाडी धुणाऱ्यांनी हौसेने मारलेलं पॉलिश, झाडाखाली गाडी लावली असेल तर चिकट थेंब. हा थर कोरड्या फडक्याने जात नाही, उलट पसरतो. रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांना पिसारा फुटल्यासारखा दिसतो ना, तो याच थराचा प्रताप.

भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाका, स्पंजने काच वर्तुळाकार घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. मग काचेवर पाणी ओतून बघा. पाणी सपाट पसरून खाली गेलं तर काच साफ. जागोजागी तुटून थेंब उभे राहिले तर पॉलिश किंवा तेल अजून शिल्लक आहे, पुन्हा एकदा घासा. (काचेवर पाणी पळवणारं कोटिंग मुद्दाम करून घेतलं असेल तर ही परीक्षा लागू नाही.) शेवटी ओलं वर्तमानपत्र चुरगळून फिरवलं की झालं.

आता रबर. वायपर उचलून ओल्या पांढऱ्या फडक्याच्या चिमटीत रबराची कड धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. फडकं पहिल्यांदा काळंकुट्ट होईल. तीन-चार वेळा ओढल्यावर काळेपणा कमी व्हायला हवा. कमी होतच नसेल आणि बोटाला कड खरखरीत लागत असेल, तर रबर संपलं.

आधी काच, मग रबर, मग ब्लेड (म्हणजे रबर धरून ठेवणारा पूर्ण भाग), आणि तरीही जमलं नाही तर आर्म (ब्लेड फिरवणारा दांडा). पैसे या क्रमाने वाचतात. दुकानदार बहुधा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो.

रबर गेलं हे आवाजावरून किंवा रेघांवरून ओळखता येतं का?

येतं, आणि रेघांचे प्रकार बघायला शिकलात तर निम्मं निदान घरीच होतं.

एकच बारीक पाण्याची रेघ दर फेरीला त्याच जागी उमटत असेल तर रबराच्या कडेला तिथे चीर पडली आहे किंवा खडा अडकला आहे. आधी खडा शोधा. काचेच्या मधोमध किंवा एका टोकाला रुंद पट्टा न पुसता राहत असेल तर रबर बहुतेक ठीक असतं, पण सांगाडा वाकलेला असतो, त्यामुळे तेवढ्या भागात दाब पोचत नाही. काचभर धुकट पापुद्रा येऊन दोन सेकंदांत विरत असेल तर काच तेलकट. आणि जाताना गुपचूप, पण येताना थडथड उड्या मारत येत असेल, तर त्याची गोष्ट वेगळी आहे. ती जरा सविस्तर सांगतो.

रबराचा छेद बघितलात तर वर जाड डोकं, मध्ये बारीक मान आणि खाली पातळ ओठ असतो. वायपर उजवीकडे जाताना हा ओठ डावीकडे कलतो, म्हणजे काचेवर मागे घसटत येतो. फेरी उलटली की तो मानेतून झुकून दुसऱ्या बाजूला कलला पाहिजे. हे कलणं दर फेरीच्या टोकाला घडतं, आणि तेव्हा जो हलका 'टप्' आवाज येतो तो निरोगीच समजायचा. रबर उन्हाने कडक झालं किंवा मान एकाच बाजूला वाकून बसली, तर ओठ उलटतच नाही. मग परतीच्या फेरीत तो काचेला पुढून ढोसतो, अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. ती थडथड. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हे हमखास होतं, कारण तेवढे महिने ओठ एकाच अंगावर झोपलेला असतो.

नवं रबर घालूनही थडथड राहिली तर आर्म पिळला गेलाय का बघा. वायपर काचेच्या मध्यावर असताना इग्निशन बंद करा, म्हणजे तो तिथेच थांबेल. आता बाजूने डोकावून बघा. ब्लेड काचेशी काटकोनात उभं दिसायला हवं. एका अंगाला झुकलेलं असेल तर पान्ह्याने आर्म किंचित पिळून सरळ करता येतो, पण हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. मी एकदा स्वतः करायला गेलो आणि पुढच्या पावसात उलट्या फेरीला थडथड सुरू झाली.

नुसतं रबर मिळतं? दुकानदार तर म्हणतो पूर्ण ब्लेडच घ्यावं लागेल.

मिळतं. मोठ्या चकचकीत दुकानात कदाचित नाही मिळणार, पण जुन्या बाजारपेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात "वायपरचं नुसतं रबर" म्हणून मागा, गुंडाळी करून टांगलेलं असतं. ऑनलाइनही जोडी येते. दुकानदाराची अडचणही समजून घ्या : रबरात त्याला सुटतं किती? शिवाय बसवून द्यायला दहा मिनिटं जातात ती वेगळी.

पण नुसतं रबर बदलण्यात अर्थ आहे की नाही, हे तुमच्या ब्लेडवर ठरतं. जुन्या पद्धतीचं ब्लेड म्हणजे लोखंडी सांगाडा. एका मोठ्या कमानीला दोन छोट्या कमानी, त्यांना आणखी छोट्या, आणि सगळ्यांच्या टोकाला रबर धरून ठेवणारे आकडे. हा सांगाडा शाबूत असेल तर रबर बदलणं हाच शहाणपणा. सांगाड्याचे सांधे हाताने हलवून बघा. ते मोकळे हलायला हवेत, पण खुळखुळायला नकोत. गंज धरून सांधा जाम झाला असेल, तर कितीही चांगलं रबर घाला, ते काचेच्या वळणावर बसणारच नाही. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. खारी हवा सांगाडा आधी खाते, रबर नंतर.

सांगाडा नसलेली सपाट ब्लेड असतील तर गणित बदलतं. त्यात रबराच्या पोटातून किंवा दोन्ही कडांनी वाकवलेली पोलादी पट्टी जाते आणि तीच सगळीकडे सारखा दाब देते. काही सपाट ब्लेडांचं रबर टोकाचं टोपण काढून सरकवून बदलता येतं, पण बऱ्याच कंपन्या ते बदलण्यासाठी बनवतच नाहीत. माझं मत विचाराल तर सपाट ब्लेडच्या बाबतीत पूर्ण ब्लेड बदलून मोकळे व्हा.

माप कसं घ्यायचं? ड्रायव्हरकडचा आणि शेजारचा सारखाच असतो का?

बहुतेक गाड्यांत सारखा नसतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजवीकडचं ब्लेड सहसा लांब असतं. शेजारचं दोन-चार इंचांनी किंवा त्याहूनही आखूड. दोन्ही वेगवेगळी मोजा, आणि मोजायचं ते रबर, सांगाडा नव्हे. शिंप्याची टेप घ्या, रबराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरा. बाजारात माप इंचांत सांगतात, पाकिटावर कधी मिलिमीटरमध्ये असतं : 400 म्हणजे 16 इंच, 450 म्हणजे 18, 500 म्हणजे 20, 550 म्हणजे 22, 600 म्हणजे 24. हा ढोबळ हिशेब आहे, पण दुकानात याच्यावरच काम चालतं.

लांबीपेक्षा जास्त लोक चुकतात ते जाडीत. आकड्यांत बसणारं रबराचं डोकं साधारण 6 मिलिमीटरचं असतं किंवा 8 च्या आसपास. 6 चं रबर 8 च्या आकड्यांत गेलं तर सैल बसेल आणि घाटात ऐन मोक्याला निसटेल. 8 चं 6 मध्ये जाणारच नाही. म्हणून जुनं रबर, पट्ट्यांसकट, खिशात घालून दुकानात जा आणि नव्याशेजारी धरून बघा. यापेक्षा सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

लांबी कमी-जास्त असेल तर जास्तच घ्या. जादा रबर कात्रीने कापता येतं, आखूड ताणता येत नाही. कापताना एक सांभाळा : रबराच्या एका टोकाला अडकण्यासाठी खाच किंवा गाठ असते. ते टोक कापायचं नाही, दुसरं कापायचं.

साधं रबर घेऊ की सिलिकॉनचं?

साधं रबर म्हणजे नैसर्गिक किंवा कृत्रिम रबर, बहुधा कडेवर ग्राफाइटचा थर दिलेला, म्हणजे काचेवर सहज सरकावं. ते मऊ असतं, नवं असताना पुसतं झकास, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला हळूहळू कडक करतात. सिलिकॉन उन्हाला जास्त टिकतं आणि महागही असतं. काही सिलिकॉन ब्लेडं काचेवर पाणी पळवणारा थर सोडतात. ज्यांची गाडी दिवसभर उघड्यावर तळपते, त्यांना सिलिकॉन परवडतं. ज्यांच्याकडे पार्किंगला छप्पर आहे, त्यांनी साधं रबर दरवर्षी बदलावं. मी दुसऱ्या गटातला.

बदलायचं कसं? स्वतः जमेल का?

जमेल. पण आधी एक इशारा, आणि तो मी पैसे मोजून शिकलो आहे.

वायपरचा आर्म स्प्रिंगवर असतो. ब्लेड काढून ठेवलं आणि उभा केलेला आर्म चुकून सुटला तर उघडं लोखंड थेट काचेवर आदळतं. माझ्या हातून असंच झालं. दुपारची वेळ, काच तापलेली, आर्म निसटला आणि 'टक्' असा अगदी छोटा आवाज आला. काचेवर मोहरीएवढा ठिपका पडला. आठवड्याभरात त्याची वीतभर चीर झाली आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी समोरची अख्खी काच बदलावी लागली. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी काचेवर जाड टॉवेल चौघडी करून अंथरतो. तुम्हीही अंथरा.

काही नव्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या आत दडलेले असतात. ते तसेच उचलायला गेलात तर बॉनेटचा रंग खरवडेल. अशा गाड्यांना बहुधा सर्व्हिस पोझिशन असते, म्हणजे वायपर काचेवर वर येऊन थांबतात आणि मोकळे उचलता येतात. ती कशी आणायची ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. इग्निशन बंद करून लगेच वायपरची दांडी खाली किंवा वर दाबायची अशी पद्धत बऱ्याच गाड्यांत आहे.

आता काम. आर्म उभा करा. ब्लेड आर्मला ज्या आकड्याने अडकलेलं असतं, तिथे एक छोटी क्लिप असते. ती दाबा आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवा, निघेल. आर्म टॉवेलवर अलगद निजवा. ब्लेड टेबलावर घ्या आणि मोबाइलवर दोन्ही टोकांचे फोटो काढा. हे केलं नाहीत तर पाच मिनिटांनी पट्टी कुठल्या बाजूने होती यावरून घरात वाद होईल.

रबराचं अडकवलेलं टोक शोधा. तिथे शेवटचा आकडा रबराच्या खाचेत रुतलेला असतो. चिमट्याने रबर जरा ओढून ते टोक सोडवा, मग पूर्ण रबर आकड्यांमधून सरकवत बाहेर काढा. सोबत दोन बारीक पोलादी पट्ट्या येतील, रबराच्या दोन्ही कुशींत बसलेल्या. या फेकू नका! नव्या रबरासोबत पट्ट्या बऱ्याचदा येत नाहीत, आणि पट्ट्यांशिवाय रबर म्हणजे कण्याशिवाय माणूस. पट्ट्या पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. त्यांना किंचित बाक असतो. दोन्हींचा बाक एकाच दिशेला, टोकं काचेकडे झुकतील असा ठेवा. पट्टीच्या कडेला छोट्या खाचा असतात, त्या जुन्या रबरात जशा होत्या तशाच बसवा. फोटो इथे कामी येतो.

पट्ट्या नव्या रबराच्या खोबणीत बसवल्या की रबर पहिल्या आकड्यातून आत घाला आणि हळूहळू पुढे सरकवा. जड जात असेल तर साबणाचं पाणी लावा, तेल अजिबात नको. प्रत्येक आकड्याने रबर आणि दोन्ही पट्ट्या धरल्या आहेत ना, हे एकेक करून बघा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते : मधला एक आकडा पट्टीच्या वरून निसटतो, बाहेरून दिसत नाही, आणि चार दिवसांनी ते लोखंड काचेवर घासायला लागतं. शेवटचा आकडा खाचेत बसल्याची खातरी करा, दुसरीकडचं जादा रबर कापा, ब्लेड आर्मला 'टिक्' आवाज येईपर्यंत अडकवा. मग टॉवेल काढून आर्म हाताने खाली आणा.

कोरड्या काचेवर चालवून बघू नका. बादलीभर पाणी ओता, मग चालवा.

सँडपेपर मारून किंवा डिझेल लावून जुनं रबर पुन्हा चांगलं होतं म्हणतात, खरं का?

सँडपेपर मारलेलं रबर अर्धा दिवस बरं वाटतं. कारखान्यात रबराची कड धारदार, चौकोनी कापलेली असते, आणि ती धारच पाणी ओरपून काढते. सँडपेपरने ती गोल होते. पाणी मग ओरपलं न जाता फासलं जातं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांनी रबर फुगतं आणि मऊ पडून लवकर फाटतं. खोबरेल तेलाने काच तेलकट होते, म्हणजे पहिल्या प्रश्नावर परत. फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन कड पुसणं तेवढं चालतं.

ट्रकवाल्यांचा तंबाखूचा उपाय मात्र हसण्यावारी नेऊ नका. वायपर बंद पडला की ते ओली तंबाखू काचेवर चोळतात आणि मग पाणी थेंब न धरता सपाट पसरून वाहतं. समोरचं दिसतं, निदान गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करण्यापुरतं. कापलेला बटाटा चोळणारेही आहेत.

कधी बदलायचं? वर्षातून किती वेळा?

वर्षातून एकदा, आणि मृग लागायच्या आत. जानेवारी-फेब्रुवारीत 'सर्व्हिसिंगसोबत घेऊन टाकू' म्हणून नवं रबर घालणं म्हणजे ते एप्रिल-मेच्या उन्हात वाळत घालणं. पाऊस येईपर्यंत त्याचं पापड झालेलं असतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात बदला, चार महिने निवांत.

उन्हात वायपर उभे करून ठेवले तर रबर टिकतं का?

तापलेल्या काचेपासून सुटतं खरं, पण ऊन आणि हवा लागतच राहतात. शिवाय सोसायटीत पोरं, क्रिकेटचा चेंडू, आणि बॉनेटवर चढणारं मांजर. गाडीवर कव्हर घाला किंवा सावली शोधा. वायपर उभे करण्याचा खरा उपयोग बर्फाच्या देशात. तिथे रात्रीतून रबर काचेला चिकटून गोठतं आणि सकाळी बटण दाबलं की ओठ फाटतो. बोस्टन-शिकागोकडच्या नातेवाइकांनी वायपर उभे करावेत, आपण कशाला?

सकाळी धुळीने भरलेली काच वायपरनेच पुसली तर?

ती तुमच्या वायपरची सगळ्यात महागडी फेरी ठरेल. धुळीत वाळूचे कण असतात, ते रबराखाली सापडले की काचेवर धनुष्याकृती ओरखडे पडतात. नख फिरवून बघा, ओरखड्यात अडकलं तर तो पॉलिशनेही जायचा नाही. आधी पाणी, मग वायपर. त्यासाठी वॉशरच्या टाकीत पाणी असलं पाहिजे, आणि ते बोअरचं नको. जड पाण्याचा क्षार नोझलच्या भोकात बसतो. बसलाच तर टाचणीने अलगद टोचा.

वायपर खराब असला तर दंड होतो का?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 101 प्रमाणे समोरच्या काचेला चालू स्थितीतला वायपर असावाच लागतो. टॅक्सी, टेम्पो अशा व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेस तपासणीत वायपर बघतात. घरच्या गाडीला सहसा कुणी अडवत नाही. पण मुळशीच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले की हवालदाराची गरज पडत नाही.

वायपर रबराचेच का असतात?

अजून तरी एवढं स्वस्त, एवढं लवचीक आणि काचेला न ओरबाडणारं दुसरं काही मिळालेलं नाही. अमेरिकेत अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी 1903 मध्ये वायपरचं पेटंट घेतलं, तेव्हाही त्यात रबराचीच पट्टी होती. ड्रायव्हरने आतून दांडा ओढायचा आणि बाहेर पट्टी फिरायची. मोटर आली, सेन्सर आले, पट्टी मात्र तीच.

भर पावसात, घाटात, ड्रायव्हरकडचं रबर निघून लोंबायला लागलं. आता?

वायपर लगेच बंद करा. रबर नसलेलं लोखंड दहा फेऱ्यांत काचेची वाट लावतं. इंडिकेटर लावून गाडी कडेला घ्या, वळणावर किंवा धबधब्याखाली नको. शेजारच्या सीटकडचं ब्लेड काढा आणि ड्रायव्हरकडच्या आर्मला लावा. आखूड असेल, वरचा थोडा भाग पुसला जाणार नाही, पण बहुतेक गाड्यांत दोन्ही आर्मचा आकडा एकाच जातीचा असतो, त्यामुळे बसतं. रिकाम्या झालेल्या दुसऱ्या आर्मला जुना सॉक्स किंवा फडकं चांगलं जाड गुंडाळा आणि दोरीने घट्ट बांधा. दोरी नसेल तर बुटाची नाडी. मी नाडीच वापरली होती, आणि पौडच्या अलीकडे टपरीवर चहा प्यायला उतरलो तेव्हा एका पायातला बूट ओढत चालत होतो.